पुढची खोली, मधली खोली, मोरी: घरातल्या हवेच्या नोंदी

रविवार, 8 डिसेंबर 2024

धाकटी सात वर्षांची आहे. दिवाळीपासून रात्री दोन-अडीचला उठून खोकत बसते. डॉक्टरांनी श्वासनलिकेची ॲलर्जी सांगून पंप सुरू केलाय. निघताना त्यांनी विचारलं, "घरात धूर-धूळ कशाकशाची असते?" मी सांगायला लागलो. सकाळी मागं बंब पेटतो. भाकऱ्या होतात. देवाजवळ उदबत्ती असते. रात्री मच्छरांची कॉइल. आणि दिवसभर आई पुढच्या खोलीत विड्या वळते. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की हे सगळं जिथं होतं तिथंच ती पोर जेवते, अभ्यास करते आणि झोपते.

आजपासून वही सुरू. आमच्यासारखी घरं सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. कुणाला उपयोग व्हावा म्हणून चुका आणि पैसे दोन्ही लिहीन.

घर अशोक चौकाच्या पलीकडं, तळमजल्यावर. पुढची खोली 10 बाय 12, मधली 10 बाय 10, स्वयंपाकघर 7 बाय 9, मागं मोरी आणि तीन फुटी बोळ. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्या घरांना लागून, त्यामुळं खिडक्या फक्त पुढं आणि मागं. पुढच्या खोलीत आई आणि दोन्ही मुलं झोपतात, मधल्या खोलीत आम्ही दोघं. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पंखे-मोटारी कळतात, हवेतलं काही कळत नव्हतं.

शनिवार, 14 डिसेंबर

पहिले 1,450 रुपये पाण्यात.

ऑनलाइन मागवलेलं यंत्र पीएम 2.5 (हवेतले अगदी बारीक, धुरासारखे कण), पीएम 10 (त्याहून जाड धुळीचे कणही धरून), कार्बन डायऑक्साइड, तापमान, दमटपणा असं सगळं दाखवतं. तीन दिवस आकडे लिहिले. आज गच्चीवर उघड्यावर एक उदबत्ती लावून यंत्राजवळ नेली, तर कार्बन डायऑक्साइड 420 वरून 1,900 वर गेला. उघड्या गच्चीवर एका काडीनं एवढा वायू होत नाही. खोलात गेल्यावर कळलं की अशा स्वस्त यंत्रात कार्बन डायऑक्साइड मोजणारा भाग नसतोच. वासाच्या वायूंचा अंदाज घेऊन आकडा बनवला जातो. घेताना माहितीत 'एनडीआयआर' (अवरक्त किरणांनी वायू खरोखर मोजणारा भाग) हा शब्द आहे का ते बघायचं. मी बघितलं नाही. आधीचं वहीतलं एक पान खोडलं.

दुसरं मागवलंय, 6,200 रुपये. घरी या रकमेवर बोलणं झालं. हिनं थोरल्याच्या सायकलीचे पैसे पुढं ढकलले.

शुक्रवार, 20 डिसेंबर

नवं यंत्र आलं. आधी गच्चीवर वीस मिनिटं ठेवलं, कार्बन डायऑक्साइड 431 दाखवला. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो 420-430 च्या घरात असतो, म्हणजे यंत्र बरोबर आहे. हे केल्याशिवाय कुणी घरातले आकडे लिहू नयेत.

दोन दिवसांचे आकडे असे आले. गच्चीवर सकाळी सातला पीएम 2.5 होता 74. सोलापूर 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहेच, बाहेरची हवा काही फार चांगली नाही. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15. स्वयंपाकघरात भाकऱ्या चालू असताना 340. पुढच्या खोलीत रात्री सव्वानऊला कॉइल लावली तेव्हा 81, दहा वाजता 590. पहाटे पाचला त्याच बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड 2,310, म्हणजे रात्रभर श्वासाची तीच हवा आत कोंडलेली.

दहा वाजताचा आकडा मी तीनदा बघितला. यंत्र बिघडलं असेल म्हणून बाहेर नेलं, 70 वर उतरलं. परत आत आणलं, पाच मिनिटांत 600. त्या वेळी धाकटी कॉइलपासून चार फुटांवर झोपली होती. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं मोजलंय. आम्ही ती लेकराला जपायचं म्हणून लावत होतो.

रविवार, 22 डिसेंबर

काल कॉइल सरळ बंद केली. ही चूक होती.

रात्री एकपर्यंत पोरं अंग खाजवत बसली आणि शेवटी आईनंच उठून कॉइल लावली. तिचं बरोबर होतं. डास का आहेत ते न बघता मी कॉइल काढून घेतली होती.

डास आहेत कारण पाणी साठवलेलं आहे, आणि ते साठवतो कारण आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो. मागं हौद, दोन बॅरल, मोरीत दोन टाक्या. बॅटरी मारून हौदात बघितलं, कडेला वळवळणाऱ्या अळ्याच अळ्या.

आज दिवसभर हेच केलं. हौद रिकामा करून काथ्यानं आतून घासला. डासांची अंडी भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. बॅरलवर जुन्या धोतराचं दुहेरी कापड, वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा. इथून पुढं नळ आला की पाणी भरायच्या आधी घासायचं हे ठरवून टाकलं. दोन्ही खिडक्यांना जाळीची चौकट 2,600 रुपये, मच्छरदाणी 450.

शनिवार, 28 डिसेंबर

जाळ्या बसल्या. कॉइल पाच रात्री बंद. पुढची खिडकी रात्री वीतभर उघडी ठेवतो. रात्री दहाला पीएम 2.5 आहे 86, म्हणजे जवळपास बाहेरइतकाच. पहाटेचा कार्बन डायऑक्साइड 940. थंडी वाजते म्हणून आईनं आणखी एक चादर काढली.

या आठवड्यात माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. आमच्या घरात खिडक्या उगीच बंद नाहीत, प्रत्येकीला कारण आहे. रात्री डासांमुळं बंद, सकाळी मागची बंबाच्या धुरामुळं बंद. दिवसा पुढची का बंद असते ते मी अजून आईला विचारलेलं नाही. खिडकी उघड म्हणून सांगण्याआधी ती बंद का आहे ते विचारायचं.

रविवार, 5 जानेवारी 2025

स्वयंपाकघर. दुकानात नऊ इंची एक्झॉस्ट पंखा पडून होता. त्याच्या मोटारीची तारेची कॉइल जळलेली, ती रात्री बसून भरली. भिंतीला भोक पाडायला गवंड्यानं 700 घेतले.

पंखा खिडकीच्या बरोबर वर बसवला, कारण तिथं लिंटेल (खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी) संपतं आणि भोक पाडायला सोपं. आकडा 340 वरून 290. एवढ्या खटाटोपाला पन्नासचा फरक. उदबत्ती हातात धरून धूर कुठं जातो ते बघितलं. खिडकीजवळचा धूर झटक्यात पंख्यात. शेगडीजवळचा सरळ वर जाऊन माळ्याखाली पसरतो. पंखा खिडकीतून येणारी हवा ओढून तिथल्या तिथं बाहेर टाकत होता, भाकरीचा धूर त्याच्या वाटेतच नव्हता.

गवंड्याला परत बोलवायचं नव्हतं. खिडकी बंद केली आणि मधल्या खोलीचं दार उघडं ठेवलं. आता हवा पुढून येते, शेगडीवरून जाते आणि पंख्यातून बाहेर पडते. आकडा 120. हे काम करणाऱ्यानं भोक पाडायच्या आधी एक उदबत्ती जाळावी, माझ्यासारखं नंतर नको.

भाकरीचीही एक गोष्ट कळली. धूर भाकरीचा कमी आणि तव्यावर सांडलेल्या पिठाचा जास्त. दर दोन भाकऱ्यांनंतर हिनं ओल्या फडक्यानं तवा पुसून बघितला, आकडा 120 चा 85 झाला. खर्च काही नाही.

रविवार, 12 जानेवारी

पंखा लावल्यापासून सकाळी सहाला मोरीत आणि मधल्या खोलीत पीएम 2.5 चा आकडा 400 च्या वर! आधी एवढा नव्हता. तीन दिवस कारण सापडलं नाही. यंत्राची शंका घेतली, स्वयंपाकघर दोनदा धुतलं.

कारण बोळात होतं. आई साडेपाचला बंब पेटवते. जळण म्हणजे तुराट्या आणि तेंदूच्या पानाची कात्रणं, विडीची पानं कापून उरतात ती. धूर बोळात भरतो. आधी तो बोळातून वर जायचा. आता पंखा आतली हवा बाहेर ढकलतो, आत हवा कमी पडते, आणि ती मोरीच्या फटींतून धुरासकट परत येते. वर मोरीच्या जाळीतून गटाराचा वासही यायला लागला. जाळीखालच्या वाकात पाणी राहिलं नव्हतं. एक तांब्या ओतला, वास गेला.

बंब ठेवून काही जमेना. कुणी गॅस गीझर सुचवला, मी नको म्हटलं. मोरी बंदिस्त आहे. अशा जागी गॅस गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तो वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माझी दोन्ही यंत्रं तो मोजत नाहीत. जुना विजेचा गीझर 2,200 ला मिळाला, नवं एलिमेंट 350, अर्थिंग स्वतः तपासली. आता भाकऱ्यांची वेळ सोडली तर मागची खिडकी सकाळी उघडी असते.

आईला बंबाचं फार वाईट वाटलं. तिच्या लग्नातला तांब्याचा बंब. घासून, चकचकीत करून मधल्या खोलीत ठेवलाय.

बुधवार, 15 जानेवारी

गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, आज शोभेचं दारूकाम. पोरांना घेऊन होम मैदानाकडं गेलो, धाकटीला तोंडाला मास्क लावून लांबूनच दाखवलं. रात्री अकराला गच्चीवर 190. आज रात्री खिडक्या बंद. बाहेरचं वाईट असेल त्या रात्री यंत्र बघून बंद करायच्या, हेही कामाचंच.

रविवार, 26 जानेवारी

हवा शुद्ध करायचं यंत्र घरी बनवायला गेलो आणि फसलो. टेबल फॅनच्या मागं हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारा, 1,100 रुपये) खोक्यात बसवून टेप मारली. फिल्टर एवढा दाट की पंख्याला हवाच ओढवेना. समोर हात धरला तर झुळूकही नाही. अर्ध्या तासात मोटार हात ठेववेना इतकी तापली. रोज मोटारी भरणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं: टेबल फॅन मोकळी हवा ढकलायला बनवलेला असतो, अडवलेली हवा ओढायला लागतो तो ब्लोअर. फिल्टर ठेवून दिलाय. हे काम बंद.

रविवार, 2 फेब्रुवारी

आता विड्या. इतके दिवस मी हे पुढं ढकलत होतो, कारण या विड्यांवर मी शिकलो.

यंत्र आईच्या शेजारी दिवसभर ठेवलं. पीएम 2.5 दिवसभर 50-60. म्हणजे काही नाही असं वाटतं. पण खोलीत पाऊल टाकलं की तंबाखूची तीव्र झोंब नाकाला लागते. यंत्र खोटं का नाक खोटं?

निळी स्टीलची ताटली घेतली, तिच्यावर चिकटपट्टी चिकट बाजू वर करून लावली आणि धाकटीच्या उशाच्या फळीवर एक दिवस ठेवली. दुसऱ्या दिवशी उन्हात नेऊन बघितलं. पट्टीवर तपकिरी भुरभुरी, रव्याहून बारीक. मध्ये मध्ये पानाचे सुईच्या टोकाएवढे तुकडे. नखानं एक ठिपका चिरडून वास घेतला, तंबाखू. ती पट्टी वहीत लावून ठेवलीय.

या घरगुती यंत्रांचा लेझर बारीक कण, म्हणजे धूर, चांगला मोजतो. तंबाखूची भुकटी जाडसर, ती त्यातून निसटते. पीएम 10 चा आकडाही बारीक कणांवरून बांधलेला असतो. विडीच्या घरात नुसत्या आकड्यावर विसंबू नये, चिकटपट्टी लावून बघावी.

संध्याकाळी आईला विचारलं, दिवसा खिडकी का लावून घेतेस?

"वारं आलं की सुपातली तमाखू उडती. कारखान्यात वजनानं देतेत, विड्या मोजून घेतेत. उडाली ती माझ्या अंगावर. आन् पान वाळलं की वळताना फुटतं."

तीस वर्षं ती पंखा बंद ठेवून, खिडकी लावून, मे महिन्यात घामानं निथळत बसते, ते यासाठी. मी या घरात वाढलो आणि हे कधी विचारलं नाही.

रविवार, 9 फेब्रुवारी

म्हणजे तिला मांडीपाशी वारा नको आणि घराला हवा पाहिजे. दोन्ही जमवायचं.

पहिला प्रयत्न: पुढच्या ओट्यावर बसायची सोय केली. चार दिवसांत बंद. हजारावर जाणाऱ्या विड्या सातशेवर आल्या. रस्त्याच्या वाऱ्यानं पानं तासाभरात कडक, ओलं गोणपाट गुंडाळूनही. छाट, म्हणजे बाद होणाऱ्या विड्या, एरवी पंधरा-वीस निघते, ती साठवर गेली. चार दिवसांची तिची मजुरी माझ्या प्रयोगापायी गेली. मी पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत.

दुसरा प्रयत्न: ओट्याच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी अडीच फूट उंचीचा प्लायचा आडोसा (1,350 रुपये). बसल्यावर मांडी, सूप, पानं आडोशाच्या खाली राहतात, डोकं वर. वारा डोक्यावरून जातो. वर छताजवळ सहा इंची पंखा रेग्युलेटरवर अगदी हळू, रस्त्याकडं तोंड करून. उदबत्तीनं बघितलं: सुपाजवळ धूर सरळ उभा राहतो, छातीच्या वर आला की पंख्याकडं वळतो. हे बघून आई पहिल्यांदा म्हणाली, "हां, आता जमतंय."

बाकीचं तिच्याबरोबर बसून ठरवलं. तंबाखूची पिशवी कॉटखालून काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, ओट्यावर. तंबाखू चाळणं, झटकणं फक्त बाहेर. आत झाडू नाही, ओलं फडकं. काम संपलं की हात-तोंड धुऊन, वरचं लुगडं बदलून मग नातीला जवळ घ्यायचं. हे शेवटचं मला सांगवत नव्हतं, तिनंच सांगितलं.

रविवार, 23 फेब्रुवारी

चिकटपट्टी परत लावली, त्याच फळीवर, एक दिवस. घरातली नेहमीची करडी धूळ आहे. तपकिरी कण शोधून तीन सापडले. विड्या परत 950 पर्यंत. ओट्यावर बसायला शेजारच्या दोघी यायला लागल्यात. त्यांच्यासाठी आडोसा दोन फुटांनी वाढवला.

आईलाही पहाटे खोकला असतो. तो "धुराचा" म्हणून ती सोडून द्यायची. या आठवड्यात तिला डॉक्टरांकडं नेलं, फुंकून करायची तपासणी झाली, औषध सुरू झालंय. धाकटीच्या मागं धावताना आईकडं बघायचं राहून गेलं होतं, हे लिहून ठेवतो.

सोमवार, 31 मार्च

हिनं कॅलेंडरवर धाकटीच्या खोकल्याच्या रात्रींवर फुल्या मारल्यात. डिसेंबर 19, जानेवारी 14, फेब्रुवारी 8, मार्च 4. पंप चालू आहे, थंडीही सरली, त्यामुळं सगळं श्रेय हवेच्या कामाला देता येत नाही. पण जानेवारीत सर्दीची साथ असूनही फुल्या कमी झाल्या. पंप कमी करायचा का ते डॉक्टर ठरवतील, आम्ही हात लावलेला नाही.

आतापर्यंतचा खर्च 16,400. त्यातले 2,550 निव्वळ चुकांचे: पहिलं यंत्र आणि हेपा फिल्टर. ज्यांना दोन-तीन हजारच घालता येतात त्यांनी यंत्र घेऊ नये. जाळ्या बसवाव्यात, हौद घासावा, कॉइल बंद करावी, तवा पुसावा. मला सर्वात मोठा फरक तिथंच मिळाला.

रविवार, 13 एप्रिल

पारा चाळिशीच्या वर. कूलर काढला. जुन्या वाळ्याच्या जाळ्यांना काळी बुरशी, त्या टाकून नव्या घातल्या (480). टाकी दर नळाला घासायची, हौदाबरोबरच, नाहीतर डास तिथं होतील. कूलर खिडकीबाहेर ठेवलाय, म्हणजे हवा बाहेरची येते. तो खोलीत ठेवला तर तीच हवा फिरते आणि नुसता दमटपणा वाढतो. समोरचं दार थोडं उघडं पाहिजे. रात्री पुढच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड 560. कूलरच्या थेट झोतात यंत्र ठेवलं तर पीएम उगाच चढा दाखवतं, पाण्याचे थेंब कण म्हणून मोजतं. बाजूला ठेवायचं.

दुपारी आई म्हणाली, कूलरचा गार वारा थोडा ओट्याकडं येऊ दे, पानं ओली राहतील. पत्र्याचा एक वाकडा तुकडा लावून आडोशाच्या मागच्या भिंतीवर वारा आपटवला. तिथून तो हळू, ओला होऊन खाली उतरतो. संध्याकाळी तिनं विड्या मोजल्या, 1,040. छाट अकरा.